काराव्हाज्जोच्या चित्रातला मत्तय नेमका कोणता?

शेवंती
रोमच्या सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये डाव्या बाजूच्या शेवटच्या चॅपेलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनाकक्षात, इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं 'संत मत्तयाला पाचारण' हे चित्र आहे. १५९९-१६०० सालचं. सव्वातीन मीटर उंच आणि त्याहून थोडं रुंद. आधी ते मोबाइलवर शोधून समोर ठेवा आणि मगच पुढे वाचा, नाहीतर सगळं डोक्यावरून जाईल.

प्रसंग बायबलमधल्या एका वचनाएवढाच आहे. येशू वाटेनं जाताना जकातनाक्यावर बसलेला मत्तय त्याला दिसतो. 'माझ्यामागे ये' म्हणतो. तो उठून जातो. संपलं.

चित्रात उजवीकडून दोघं आलेत, येशू आणि त्याच्या अलीकडे पाठमोरा त्याचा शिष्य पेत्र. दोघंही अनवाणी, अंगावर जुन्या काळची वस्त्रं. डावीकडे टेबलाभोवती पाच जण, आणि ते मात्र चित्रकाराच्या काळातले रोमन छानछोकीवाले: पिसांच्या टोप्या, फुगीर बाह्या, एकाच्या कमरेला तलवार. टेबलावर नाणी आणि हिशेबाची वही. येशूनं हात पुढे केलाय. मधला दाढीवाला बोट दाखवतोय.

बहुतेक पुस्तकांत तो दाढीवालाच मत्तय, 'कोण, मी?' असं विचारणारा. मला हे पटत नाही. माझ्या मते मत्तय म्हणजे डाव्या टोकाला मान खाली घालून नाणी गोळा करणारा पोरगा. दाढीवाल्याचं बोट स्वतःकडे नसून त्याच्याकडे आहे आणि त्याचा प्रश्न आहे, 'कोण, हा?' असं पाहिलं की चित्राचा सगळा भावच पालटतो. हाक मारून झालीये, खोलीतल्या इतरांच्या कानावर गेलीये, आणि ज्याच्यासाठी ती होती तो अजून पैसे मोजतोय.

तुम्हाला काय दिसतं?

बाकबाबा
मला पाच जण आणि मार्चअखेर दिसते. पहिला नंबर माझा, आता चर्चा चालू द्या.

नवखी
चित्र पाहिलं. खरं सांगते, पहिल्या नजरेत मला ते जुगाराचा अड्डा आणि पोलिसांची धाड वाटलं. चष्मेवाले आजोबा तर अगदी 'माझा काही संबंध नाही' अशा आविर्भावात उभे आहेत.

जुनापुराणा
नवखी, तुम्ही एकट्या नाही. योआखिम फोन सांड्रार्ट नावाचा जर्मन चित्रकार १६२९ नंतर काही वर्षं रोममध्येच होता. हे चित्र त्यानं पाहिलेलं असणार. १६७५ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यानं त्याचं वर्णन केलं ते असं, की अंधाऱ्या खोलीत मत्तय काही टवाळखोरांसोबत पत्ते आणि फासे खेळतोय. चित्रात पत्ते नाहीत, फासेही नाहीत. पण काराव्हाज्जोनं काही वर्षं आधी 'पत्त्यांतले लबाड' हे चित्र काढून नाव कमावलं होतं, आणि त्यातली पोरं अशीच पिसांच्या टोपीतली आहेत. सांड्रार्टच्या डोक्यात दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळली असणार.

आता शेवंतीताईंना माझा विरोध. तोही सबळ पुराव्यानिशी.

पहिली गोष्ट, हाच सांड्रार्ट म्हणतो की मत्तयानं एक हात छातीवर ठेवलाय. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या जोव्हान्नी पिएत्रो बेल्लोरीनं १६७२ मध्ये लिहिलं, त्यातही संतानं पैसे मोजायचं थांबवून, हात छातीशी नेऊन, प्रभूकडे तोंड वळवलंय. एवढंच नाही, तो पुढे म्हणतो की त्याच्याजवळचा म्हातारा नाकावर चष्मा ठेवून, टेबलाच्या कोपऱ्यात बसून पैसे ओढून घेणाऱ्या तरुणाकडे बघतोय. म्हणजे त्या पोराची बेल्लोरीनं वेगळी नोंद केलीये आणि त्याला मत्तय म्हटलेलं नाही.

दुसरी, याच चॅपेलमध्ये मत्तयाची आणखी दोन चित्रं आहेत, समोरच्या भिंतीवर त्याची हत्या आणि वेदीवर देवदूताकडून शुभवर्तमान (बायबलमधली येशूची कथा) लिहून घेणारा मत्तय. दोन्हींत दाढी.

तिसरी, हेंड्रिक तेरब्रुगेन हा डच चित्रकार रोममध्ये राहून, हे सगळं पाहून परत गेला आणि १६२१ मध्ये त्यानं याच विषयावर चित्र काढलं. ते नेदरलँड्समध्ये उत्रेख्टला आहे. त्यात दाढीवाला मत्तय सरळ स्वतःकडे बोट दाखवतो. काराव्हाज्जोच्या चित्रानंतर वीस-एकवीस वर्षांत एका चित्रकाराला हे असं दिसलं, आणि साडेतीनशेहून अधिक वर्षं कुणाला शंकाही आली नाही. १९८५ मध्ये आंद्रेआस प्राटर या जर्मन अभ्यासकानं 'मत्तय कुठे आहे?' असा लेख लिहिला आणि तिथून हे पोरगं चर्चेत आलं. विद्वानांना लेख लिहायचे असतात हो.

बाकबाबा
मास्तर आले. पोरगं गारद.

शेवंती
एवढ्यात गारद नाही व्हायचं ते! जुनापुराणा, बेल्लोरीनं लिहिलं ते चित्रानंतर बहात्तर वर्षांनी. तो काय काराव्हाज्जोला विचारायला गेला नव्हता. आणि 'हात छातीवर' म्हणतात तर तो हात छातीवर आहे का? झूम करून पाहा. हात छातीच्या पुढे हवेत आहे आणि तर्जनी बाजूला वळलेली आहे. तुमच्या सांड्रार्टला जसे नसलेले पत्ते दिसले तसाच हा छातीवरचा हातही दिसला असेल.

कुंचला
जेजेला असताना या चित्राची हातांपुरती नक्कल केलीये म्हणून लिहितो. बोटाची दिशा खरोखर फसवी आहे. ते बोट आपल्याकडून बघताना आखूड झालंय, म्हणजे चित्राच्या पृष्ठभागाला समांतर नाही. असं बोट काढलं की ते नेमकं कशावर रोखलंय हे सांगणं कठीण होतं, हे चित्रकलेच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. ज्याला 'मी?' म्हणायचंय तो चित्रकार बोट आत वळवेल, छातीला टेकवेल, जसं तेरब्रुगेननं केलं. मास्तरांच्या पुराव्याचा अर्थ मला उलटा लागतो. तेरब्रुगेनला ती खूण स्वच्छ करून दाखवावी लागली, कारण मूळ चित्रात ती स्वच्छ नव्हती.

येशूच्या हाताबद्दलही सांगतो. तो सिस्टीन चॅपेलच्या छतावरच्या मायकेलँजेलोच्या चित्रातून उचललाय, पण तिथल्या देवाचा नाही, आदमचा. मनगटापाशी किंचित सैल पडलेला. सेंट पॉल येशूला दुसरा आदम म्हणतो, त्याच्याशी हे जुळतं. पण भावाच्या दृष्टीनं बघा. दरडावून 'ए, तू!' म्हणणारा हात असा नसतो. या हाताला कसली घाईच नाही.

विंगेतला
तीस वर्षं नाटकांची प्रकाशयोजना केली, तेव्हा यात तोंड घालायचा हक्क समजतो.

मागच्या भिंतीवर खिडकी आहे, चांगली मोठी. तिच्यातून उजेडाचा कणही येत नाही. मळकट कागद लावल्यासारखी आंधळी खिडकी. कुणीही शहाणा माणूस म्हणेल की खिडकी काढलीस तर उजेड तिथूनच आण. या गड्यानं खिडकी काढली, ती विझवली, आणि स्पॉट मारला उजव्या विंगेतून, वरून, जिथं आपल्याला काहीच दिसत नाही. तो येशूच्या डोक्यावरून तिरका टेबलावर उतरतो. भिंतीवर उजेडाची कड तिरकी पडलीये आणि तिच्या खालच्या अंधारात येशू उभा आहे. त्याचा चेहरा आणि हात एवढंच उजळलंय, बाकी सगळा काळोखात. नाटकात हे करायची माझी छाती नाही. मुख्य पात्राची एन्ट्री आणि त्यालाच अंधारात ठेवायचं! निर्माता दुसऱ्या दिवशी नारळ देईल.

म्हणून मला 'मत्तय कोण' यापेक्षा दुसराच प्रश्न पडतो. उजेड कुणावर आहे? टेबलावरच्या सगळ्यांवर आहे. पिसांच्या टोपीतल्या त्या पोरसवद्या मुलावर तर सगळ्यांत जास्त. तो हाक ऐकतो, बघतो, आणि त्याला काहीही होत नाही. उजेड अंगावर पडणं वेगळं आणि कळणं वेगळं. या चित्राचा मूड मला तिथं सापडतो.

नवखी
विंगेतला, काटा आला.

अण्णा हिशेबनीस
चाळीस वर्षं हिशेब तपासण्यात गेली. धर्म नि कला दोन्हींत आमचं अज्ञान अगाध, पण टेबलावर काय चाललंय ते आम्हाला विचारा.

चष्मेवाला: तपासनीस. उभा राहून वाकून बघतोय, म्हणजे खुर्चीचा मालक नाही. पोरगा: एक तर कारकून किंवा वसुली अधिकारी. दाढीवाला: कपडे सगळ्यांत भारी, बसायची जागा मधली. आता त्याचा उजवा हात पाहा, टेबलावर नाण्यांजवळ. इथंच खरी मेख आहे. तो हात नाणी ठेवतोय की उचलतोय? ठेवत असेल तर तो कर भरायला आलेला सावकार, आणि घेणारा पोरगा म्हणजे जकातदार. शेवंतीताई जिंकल्या. पण अधिकारी स्वतः चिल्लर मोजत नाही, हा माझा अनुभव. ते काम कारकुनाचं. साहेब मधे बसतो, आलेल्या-गेलेल्याशी बोलतो. त्या हिशेबानं दाढीवाला साहेब. मास्तर जिंकले.

आमच्या भाषेत याला 'सशर्त अभिप्राय' म्हणतात. फी नंतर पाठवतो.

बाकबाबा
आणि तलवारवाला म्हणजे रिकव्हरी एजंट. टीम पूर्ण झाली.

तिरपांगडा
आपल्याकडे अजिंठा आहे, मराठ्यांच्या वाड्यांतली भित्तिचित्रं पडझडीत चाललीयेत, आणि इथं रोमच्या चर्चमधल्या बोटावर पन्नास प्रतिसाद. चालू द्या.

वसईवाला
तिरपांगडा, वाड्यांतल्या चित्रांवर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. पण 'रोमचं' म्हणून परकं कशाला करता? २१ सप्टेंबरला मत्तयाचा सण असतो. त्या दिवशी आमच्या वसईच्या चर्चमध्ये हेच वाचन मराठीतून होतं आणि आम्ही ते लहानपणापासून ऐकतो. आमच्यासाठी ही घरातली गोष्ट आहे.

चित्राबद्दल लिहिण्याआधी एक सांगायला हवं, नाहीतर गोष्टीची धार कळत नाही. जकातदार हा तेव्हा निव्वळ सरकारी नोकर नव्हता. स्वतः यहुदी असून परक्या सत्तेच्या व्यवस्थेसाठी आपल्याच माणसांकडून पैसे उकळणारा तो. शुभवर्तमानात 'जकातदार आणि पापी' असा जोडशब्दच येतो. मत्तय उठून गेला, त्याच्या पुढच्याच वचनात येशू त्याच्याकडे अशा सगळ्या मंडळींबरोबर जेवायला बसलाय आणि परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे लोक, शिष्यांना विचारताहेत की तुमचा गुरू यांच्या पंक्तीला कसा? त्यावर तो म्हणतो की वैद्याची गरज निरोग्यांना नाही, दुखणेकऱ्यांना असते. म्हणून ते टेबल सभ्य माणसांचं नाही, आणि नवखी यांना धाड आठवली तर बरोबरच आठवली.

पोप फ्रान्सिस कार्डिनल असताना रोमला आले की मुद्दाम हे चित्र बघायला जायचे. २०१३ मध्ये पोप झाल्यावर दिलेल्या एका मोठ्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं की मत्तयाकडे रोखलेलं येशूचं ते बोट पाहून त्यांना वाटतं, हा मीच. आणि मत्तयाची खूण त्यांना भिडते, तो आपले पैसे घट्ट धरून जणू म्हणतोय, मी नाही, हे पैसे माझे आहेत. त्यांचं बोधवाक्यही याच प्रसंगावरच्या संत बीड या जुन्या इंग्रज धर्मपंडिताच्या प्रवचनातलं होतं.

शेवंती
वसईवाला, मनापासून आभार! पैसे घट्ट धरणारा म्हणजे कोण झाला? माझा पोरगा! मास्तर, पोपच माझ्या बाजूनं.

जुनापुराणा
दाढीवाल्याचाही उजवा हात नाण्यांपाशीच आहे, आत्ताच अण्णांनी दाखवला. पोपनी नाव घेऊन 'डावीकडचा' म्हटल्याचं वसईवाल्यांनी कुठं लिहिलंय? पोप आमच्याही बाजूनं.

बाकबाबा
पोपना मधे उभं करून दोन्हीकडून ओढू नका रे. वय झालं होतं त्यांचं.

तिरपांगडा
वसईवाला, मान्य. परकं म्हणायला नको होतं. पण मग या प्रसंगांची आपल्या मातीतली चित्रं का नाहीत?

कुंचला
आहेत की. आंजेलो द फोन्सेका. १९०२ मध्ये गोव्यात सांतो एस्तेव्हला जन्म, जेजेमध्ये काही काळ, मग शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे. त्यांची मेरी साडी नेसते, बायबलमधली माणसं इथल्यासारखी दिसतात. गोव्यातल्या धर्ममंडळींना ते तेव्हा रुचलं नाही. मग आयुष्याचा मोठा भाग त्यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात काढला. आज त्यांची बरीच चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. गोव्याला गेलात तर एक दुपार तिकडे काढा, समुद्र कुठं पळून जात नाही.

काराव्हाज्जोनंही तेच केलं होतं. शेजारच्या गल्लीतली माणसं शेजारच्या गल्लीतल्या कपड्यांत बसवली. वेदीवरच्या चित्राचं काय झालं माहितीये? पहिला मत्तय त्यानं काढला तो अडाणी शेतकऱ्यासारखा, उघड्या पोटऱ्यांचा, पाऊल सरळ बघणाऱ्याच्या तोंडावर, आणि देवदूत त्याचा हात धरून अक्षर गिरवून घेतोय. ते नाकारलं गेलं. विंचेन्झो जुस्तिनियानी या रसिकानं विकत घेतलं, पुढे ते बर्लिनला गेलं आणि १९४५ मध्ये तिथं जळून नष्ट झालं. आता फक्त काळेपांढरे फोटो आहेत. चॅपेलमध्ये दिसतो तो १६०२ चा दुसरा, सोज्वळ मत्तय.

तिरपांगडा
फोन्सेकांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. शोधतो.

मिलानोची मावशी
उशिरा पोचले, पण इथं कुणीच न सांगितलेली एक गोष्ट सांगते.

तुम्ही सगळे हे चित्र समोरून बघताय. फोनवर, पुस्तकात. चॅपेलमध्ये ते समोरून बघताच येत नाही. चॅपेल अरुंद, तोंडाशी कठडा, तिथं आपण उभे. वेदी समोर आणि हे चित्र डाव्या भिंतीवर, म्हणजे आपल्याला तिरकं दिसतं. आता डोक्यात नकाशा मांडा. चित्राची उजवी कड, जिथं येशू आहे, ती आत वेदीजवळ. डावी कड आपल्या अगदी जवळ. म्हणजे कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यांत जवळ कोण? मान खाली घालून बसलेला तो पोरगा! येशूचा हात पार आतून, वेदीच्या दिशेनं, टेबलावरून लांब होत आपल्याकडे येतो. दाढीवाल्याचं बोटही तिथून पाहिलं की फोटोत दिसतं त्यापेक्षा बरंच पोराकडे झुकलेलं वाटतं. आणि विंगेतला यांनी उजव्या विंगेतला उजेड म्हटला ना, वेदीच्या वर खरोखरची खिडकी आहे. चित्रातला उजेड त्याच बाजूनं येतो.

आणखी एक. आत अंधार असतो. कठड्यापाशी पेटी आहे, तिच्यात नाणं टाकलं की दिवे लागतात, थोड्या वेळानं खटकन बंद. मग सगळे एकमेकांकडे बघतात, आता कोण नाणं काढणार म्हणून.

अण्णा हिशेबनीस
जकातदाराचं चित्र बघायला जकात! ज्यानं ही पेटी बसवली त्याला माझा नमस्कार.

बाकबाबा
आणि अंधारात उभे असलेले पर्यटक एकमेकांकडे बोट दाखवून विचारतात, 'कोण, मी?'

विंगेतला
मावशी, तिरक्या बघण्याचा मुद्दा जबरदस्त. नाटकातही पहिल्या रांगेच्या टोकाला बसणाऱ्याला वेगळंच नाटक दिसतं.

जुनापुराणा
मावशींचं निरीक्षण मी मनावर घेतलंय, पण त्यातून मत्तय कोण ते ठरत नाही. बघणाऱ्याला पोरगा जवळ आहे, एवढंच ठरतं. तो बघणाऱ्यासारखा असावा, अजून न उठलेला, असंही म्हणता येईल.

आता करारावर येतो, कारण तो बहुतेकांच्या वाचनात नसतो. हे चॅपेल मात्तेओ कोंतारेल्ली या फ्रेंच कार्डिनलनं विकत घेतलेलं. मूळ नाव मात्यू क्वांत्रेल. म्हणजे स्वतःच्याच नावाच्या संताची चित्रं त्याला हवी होती. तो १५८५ मध्ये वारला तरी काम रेंगाळत राहिलं. छत काव्हालिएर द'आर्पीनो या चित्रकारानं रंगवलं, भिंती कोऱ्याच. शेवटी काराव्हाज्जोचा आश्रयदाता कार्डिनल देल मोन्ते याच्या शब्दावर जुलै १५९९ मध्ये काराव्हाज्जोशी दोन भिंतींचा ४०० स्कुदींना (तेव्हाची रोमन नाणी) करार झाला. कोंतारेल्लीनं काय हवं ते लिहून ठेवलं होतं. जकातीच्या कचेरीसारखी खोली, तिथं शोभेल असं सामान, त्या धंद्याच्या पोशाखातला मत्तय, आणि तो प्रभूकडे जाण्याच्या ओढीनं उठतोय. इतकं स्वच्छ सांगितल्यावर गिऱ्हाइकाचा संत कोण हेच कळू नये असं चित्र एखादा तरुण चित्रकार देईल का? तेही आयुष्यातलं पहिलं मोठं सार्वजनिक काम, शिवाय १६०० हे रोमचं जुबिलीवर्ष, म्हणजे यात्रेचं पवित्र वर्ष, गावोगावचे यात्रेकरू येणार. मला नाही वाटत. 'दोन्ही अर्थ मुद्दाम ठेवलेत' हे आपल्या काळाचं लाडकं उत्तर आहे.

शेवंती
पण मास्तर, तुम्हीच आता माझ्या हातात कोलीत दिलंत! गिऱ्हाइकानं 'उठताना' सांगितलं होतं. चित्रात कोण उठतंय? कुणीही नाही. दाढीवाला बसलेला, पोरगा बसलेला. तलवारवाला थोडा पुढे सरकलाय, पण तो मत्तय असल्याचं कुणी म्हणत नाही. कराराचं सगळ्यांत महत्त्वाचं कलम त्यानं सरळ गाळलं आणि तरी ते काम स्वीकारलं गेलं. मग बाकीच्या कलमांचा एवढा धाक त्याला कशाला?

जुनापुराणा
हा मुद्दा बरा आहे.

बाकबाबा
मास्तरांकडून 'बरा' म्हणजे पद्मभूषण. शेवंतीताई, फ्रेम करून लावा.

कुंचला
उठण्याचा विषय निघालाच आहे तर येशूची पावलं पाहिलीत का? वरचं अंग टेबलाकडे, हात टेबलाकडे, पण पावलं बाहेरच्या वाटेला लागलीयेत. तो थांबलेलाच नाही. जाता जाता म्हणाला आणि निघाला. बायबलमधल्या वचनात तो 'जाताना' आहे, हे चित्रकारानं कुठं दाखवलं तर तळपायात. मला चित्रातली सगळी घालमेल यामुळे कळली. यांच्याकडे विचार करायला वेळच नाहीये.

क्ष-किरणात दिसलेली गोष्टही सांगतो, आधी येशू एकटाच होता, पेत्र मागाहून रंगवलाय. त्यानं येशूचं जवळपास सगळं अंग झाकलं. पेत्रही बोट दाखवतो, पण त्याचा हात येशूच्या हाताची जरा अडखळती नक्कल वाटते.

वसईवाला
पेत्र म्हणजे आमच्याकडे चर्चच. लोकांपर्यंत हाक पोचते ती त्याच्या मार्फत, असा अर्थ आमच्या फादरांनी एकदा सांगितला होता. चर्च पुढे उभं राहून येशूला झाकतं, असा अर्थ माझ्या मुलीनं लगेच काढला. घरी त्या दिवशी जेवण शांततेत झालं नाही.

नवखी
मुलीला इथं आयडी काढून द्या!

मला अजून एक विचारायचंय. त्या काळच्या लोकांना हे आवडलं होतं का? की गदारोळ झाला?

जुनापुराणा
गाजलं. गर्दी जमली. फेदेरिको झुक्कारी हा तेव्हाचा वजनदार चित्रकार बघायला आला आणि म्हणाला की मला यात व्हेनिसचा जुना चित्रकार जोर्जोने याच्या कल्पनेपलीकडे काही दिसत नाही, एवढा गवगवा कसला? हे लिहून ठेवलंय जोव्हान्नी बाल्योने या चित्रकार-चरित्रकारानं १६४२ मध्ये. बाल्योनेनं स्वतः १६०३ मध्ये काराव्हाज्जोवर बदनामीचा खटला भरला होता, तेव्हा ते वाक्य त्यानं किती चवीनं लिहिलं असेल याचा अंदाज करा. जोर्जोने जाऊन नव्वद वर्षं झाली होती. नव्या माणसाला 'यात नवीन काय?' म्हणणं हे सर्व काळांत सर्वांत सोपं.

अण्णा हिशेबनीस
माझं मत अजून राखीवच आहे, पण एक विचारतो. पोरगा मत्तय असेल तर समोरच्या भिंतीवर मारला जाणारा दाढीवाला म्हातारा कसा झाला? नोंदी जुळत नाहीत.

शेवंती
अण्णा, याचीच वाट बघत होते. माझ्या दृष्टीनं त्या जुळतात. डाव्या भिंतीवर विशी-बाविशीचा पोरगा. मधे वेदीवर लिहिणारा पोक्त मत्तय. उजव्या भिंतीवर मारेकऱ्याखाली पडलेला म्हातारा. कठड्याशी उभं राहून डावीकडून उजवीकडे मान वळवली की एक अख्खं आयुष्य होतं. दाढीवाला मत्तय धरला तर तीनही चित्रांत माणूस जवळपास त्याच वयाचा, आणि हाक आणि मरण यांच्यात जणू महिनाभराचं अंतर. तुम्हीच सांगा, गोष्ट कोणती चांगली?

जुनापुराणा
गोष्ट तुमची चांगली. पण पुरावा माझा चांगला. आणि वेदीवरचं चित्र दोन वर्षांनंतरचं आहे. डावी भिंत रंगवताना वेदीवर शिल्प बसणार होतं. तेव्हा तीन चित्रांतून आयुष्य उलगडायचा बेत तेव्हाच ठरलेला असणं अवघड.

विंगेतला
दोन चित्रं तर होती ना, समोरासमोर? तेवढ्यावरही शेवंतीताईंचं जमतं. मध्यंतर मोठं धरायचं.

मिलानोची मावशी
समोरच्या हत्येच्या चित्रात मागे अंधारात एक माणूस वळून बघतोय, चेहरा पडलेला, बघवत नाहीये आणि पायही निघत नाहीये. तो स्वतः काराव्हाज्जो. सहा वर्षांनी, मे १६०६ मध्ये, त्याच्याच हातून रोममध्ये रानुच्चो तोमास्सोनीचा खून झाला आणि तो पळाला तो पळालाच. १६१० मध्ये वारला, पुन्हा रोमला पोचू शकला नाही. त्या चेहऱ्यावर वेगळा धागा निघायला हवा. मास्तर, तुम्ही काढा.

जुनापुराणा
काढतो, पण या रविवारी नाही, घरी पाहुणे आहेत. तोवर कुंचला यांनी त्या मारेकऱ्याच्या उघड्या अंगाबद्दल लिहावं. तो मारेकरी नक्की आहे की तिथं बाप्तिस्म्याला (पाण्यानं ख्रिस्ती दीक्षा घ्यायला) आलेल्यांपैकी एक, यावरही वाद घालता येईल.

बाकबाबा
म्हणजे त्या चित्रात मारणारा कोण तेही माहीत नाही? मी लॉगआउट करतो. दिवे बंद झाले, नाणं कुणीतरी टाका.

कुंचला
दिवे चालू ठेवा, लिहितो. मला मारेकरी म्हणवत नाही त्याला. पुढच्या बाजूला दोघं उघडे, पाण्याच्या कडेला टेकलेले आहेत ते आधी बघून ठेवा, तिथून सुरुवात करतो.